पोरीला मागं ठेवायचं ते कुणाच्या भरवशावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पालकत्वावरचा लेख वाचला. मुलांशी रोज थोडा वेळ निवांत बोला, हा त्यातला सल्ला चांगलाच आहे. पण आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागात दसरा झाला की वाड्या-तांड्यांवरच्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ते गुढीपाडव्याच्या आगेमागेच परततात. तोवर त्या लेकरांशी कुणी बोलायचं?

गावानं त्याची सोय आपल्या परीनं केलेली आहे. म्हातारी! दोन-तीन लेकांची नातवंडं तिच्या एकटीच्या गळ्यात पडतात. पण ती एकटीच सांभाळते असंही नाही. शेजारीण आपल्याबरोबर तिचं दळण आणते. लेकरू तापलं तर भावकीतला कुणी मोटारसायकलवर दवाखान्यात नेतो. सांजच्याला मारुतीच्या देवळात हरिपाठाला पोरं उभी राहतात. टाळ धरायला, पुढच्याच्या पावलाला पाऊल जुळवायला तिथं कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. एखादा दोन दिवस दिसला नाही की विणेकरी बुवा विचारणारच, "आरं, त्यो धाकला कुठाय? आजारी हाय का?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली आहे, तरी सांगते, आमच्या हजेरीपटापेक्षा बुवांची हजेरी चोख.

म्हणून 'गाव पूर्वीसारखं राहिलं नाही' असा गळा काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. पूर्वीचं गाव तरी सगळ्यांच्या लेकरांना कुठं सारखं धरत होतं? कुणाच्या ओट्यावर बसायचं नाही, कुणाच्या माठाला हात लावायचा नाही, हेही लेकरं गावातच शिकली. काही ठिकाणी आजही शिकतात.

खरा घोळ पोरींचा आहे. पोरगी लहान असेपर्यंत म्हातारी हूं की चूं करत नाही. ती वयात आली की म्हातारीचा धीर सुटतो. एका आजीनं मला सरळच सांगितलं, "बाई, पोरांचं मी बघते. पोरीचं मला झेपत न्हाई. काय बरंवाईट झालं तर लेकाला कोणतं तोंड दाखवू?" मग दोनच वाटा उरतात. एकतर पोरीनं आईबापाबरोबर उसाच्या फडावर जायचं, तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून धाकट्या भावंडाला सांभाळायचं, नाहीतर लग्न. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; लग्न झालं की तो पुरा होतो, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते आणि बापाच्या जिवाचा घोर दुसऱ्या घरी जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) 20 ते 24 वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात 22 टक्क्यांच्या आसपास होत्या, बीड जिल्ह्यात 43 टक्क्यांच्या वर. अडाणीपणा म्हणून आपण मोकळे होतो. मला तरी इथं पाण्याइतकीच भरवशाचीही टंचाई दिसते.

बालविवाहबंदीचा 2006 चा कायदा आहे, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, मुलांच्या मदतीसाठीच्या 1098 ला फोनही लावता येतो. फोन लावला की लग्न थांबतं. पण टोळीची गाडी दारात उभी असते आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीला कुणाकडं ठेवायचं हे त्या फोनवर कुणी सांगत नाही.

ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना 2021 मध्ये आली. 41 तालुक्यांत मुला-मुलींची मिळून 82 वसतिगृहं ठरली. मोठ्या मुलींना त्याचा उपयोग आहे. पण तिसरीतलं लेकरू तालुक्याला कोण धाडणार? त्याच्यासाठी गावातलं हंगामी वसतिगृहच बरं. ते शाळा व्यवस्थापन समिती चालवते. शाळेत जेवायचं, रात्री आजीच्या कुशीत झोपायचं. लेकरू गावातून उपटलं जात नाही. मात्र आमच्याकडचा अनुभव असा, की टोळ्या दसऱ्याला हलतात आणि मंजुरी यायला दिवाळी उलटून जाते. तोवर लेकरू फडावर पोचलेलं असतं.

खरं तर याद्या पोळ्यानंतर लगेच करता येतील. उचल देताना मुकादम कोयते मोजतो, कोणत्या घरातलं कोण जाणार हे त्याच्या वहीत असतं. मग अंगणवाडी ताई आणि ग्रामसेवकांना त्याच घरांतली लेकरं मोजायला काय अडचण आहे? अनाथ किंवा एकच पालक असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत महिना 2,250 रुपये मिळतात; हंगामापुरतं काही मानधन नातवंडं सांभाळणाऱ्या म्हातारीलाही मिळावं. नाहीतर सरकार तिला फुकटात राबवून घेतंय असंच म्हणावं लागेल. आणि मोठ्या पोरींना रात्री शाळेच्या खोलीत झोपायची सोय हवी, सोबतीला गावातलीच एक बाई, पगारी. बाहेरची नको. पोरीची आई फडावरून फोन करून हक्कानं जिला चार शब्द सुनावू शकेल, अशी ओळखीची हवी.

आपल्या वार्ताहरांनी यंदा एवढं करावं: आमच्या जिल्ह्यात किती हंगामी वसतिगृहं टोळ्या हलायच्या आधी सुरू झाली आणि किती नंतर, याची तालुकावार यादी छापावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
धारूर, जि. बीड