अपडेट टाकण्याआधी हे वाच

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय पप्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "नवीन फर्मवेअर टाकू का रे?" आणि मी नुसतं "थांब" म्हणालो. तेवढ्यात तुला ऑफिसातून हाक आली. म्हणून आता सविस्तर लिहितोय. पत्र पुरतं वाचून होईपर्यंत आपल्या सीक्वेन्सरचं, म्हणजे भरून ठेवलेले ठोके आपोआप वाजवणाऱ्या त्या मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट टाकू नकोस लगा.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर लई चांगलं आहे. आता प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते. आधी लांबी सोळाच्या पटीतच घ्यावी लागायची. तीनतालाचं त्यात काही अडत नव्हतं: सोळा मात्रा, मात्रेला चार स्टेप (ठोका भरायची घरं), 64 मध्ये आवर्तन चपखल बसायचं. पण रूपकाला 28 लागतात आणि झपतालाला 40. रूपक हवा असला की मी चार आवर्तनं सलग भरून 112 स्टेप करायचो आणि मग एक बोल बदलायचा तर चार ठिकाणी बदलत बसायचो. ते सगळं संपलं. दुसरं म्हणजे स्टेप मागेपुढे सरकवणं. आधी एका बीटचे 24 भाग पडायचे. मिनिटाला 120 बीटच्या लयीत एक भाग जवळपास 21 मिलिसेकंदांचा होतो. लावणीच्या ढोलकीला तेवढ्यानं भागत नाही, ठोका एक तर अलीकडे पडायचा नाही तर पलीकडे. आता 96 भाग मिळतात, म्हणजे पाच मिलिसेकंदांपर्यंत ठोका हलवता येतो. पहिल्यांदाच मशीनची ढोलकी ऐकून मला बरं वाटलं.

आता अडचण. पूर्वी पुढच्या पॅटर्नचं, म्हणजे भरून ठेवलेल्या पुढच्या तुकड्याचं, बटण दाबलं की चालू पॅटर्न संपेपर्यंत मशीन थांबायचं आणि मगच बदलायचं. पॅटर्न संपतो तिथे आवर्तन संपतं, म्हणजे बदल कायम समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. नव्या व्हर्जनमध्ये ते 16 स्टेप झाल्या की बदलतं, पॅटर्नची लांबी काही का असेना. चार-चारच्या गाण्यात हे कळतही नाही. रूपकात मात्र ती ती ना झालं, चौथ्या मात्रेच्या टाळीचा धी वाजला, की त्याचा ना वाजायच्या आत मशीन पुढच्या पॅटर्नमध्ये जातं. टाळी पडली आणि विभाग अर्ध्यातच तुटला. ज्या अपडेटनं 28 ची सोय दिली, त्याच अपडेटनं ती स्टेजवर वापरता येऊ नये अशी केली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं माहीत आहे? आपल्या ढोलकीवाल्या तात्यांच्या. शाहू स्मारकला भजनसंध्या होती. बदल झाला, तात्यांनी डोळे वर करून माझ्याकडं बघितलं आणि गाणं कसंबसं सावरून घेतलं. नंतर म्हणाले, "पोरा, तुझं यंत्र समेची वाट बघत न्हाई. आधी बघायचं." फर्मवेअर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही. पण आधी बरोबर होतं, आता बिघडलं, आणि नेमकं कुठं बिघडलं, हे तिन्ही त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. कंपनीला लिहिलेल्या पत्रात मी त्यांचंच म्हणणं सगळ्यात वर घातलं.

बाकीचे लोक काय कळवतात ते मी बघितलंय. "नवीन व्हर्जन बेकार, जुनं परत द्या." राग खरा असतो, पण तो वाचून तिकडच्या इंजिनिअरनं हात कुठं घालायचा? मी व्हर्जनचा नंबर दिला, मशीनला काय काय जोडलंय ते दिलं, कुठलं बटण कितव्या स्टेपला दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं ते लिहिलं, आणि तो प्रोजेक्टही सोबत पाठवला.

त्यांचं उत्तर आलं: पॅटर्न 28 चा कशासाठी, 32 चा का नाही? प्रश्न सरळ मनानं विचारला होता. मग मी मोबाईलवर हाताचा व्हिडिओ काढला. पहिल्या मात्रेला खाली (टाळी न देता हात उलटा), चौथीला आणि सहावीला टाळी, तोंडानं ठेका. समेलाच खाली येते हे त्यांना नवीन होतं, त्यावर त्यांनी आणखी विचारलं. आपण देवल क्लबात मागं बसून जे नुसतं ऐकत मोठे झालो, ते कुणाला तरी पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि सांगितलं की समजतंही.

दुसरी तक्रार तुझ्या प्रांतातली आहे. मशीन जोडलेल्या वाद्यांना क्लॉक, म्हणजे लयीचा इशारा, देतं तेव्हा स्क्रीनवर पान बदललं की क्लॉक किंचित डळमळतं. मी क्लॉकवर चालणाऱ्या ड्रम मॉड्यूलचा आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड केला. ठोके मागेपुढे झालेले नुसत्या डोळ्यांना दिसतात. कुणी म्हणेल की मिडीचीच (वाद्यं एकमेकांशी जोडायच्या पद्धतीची) वायर हळू. सेकंदाला 31,250 बिट, एका नोटला तीन बाइट, म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंद. दहा नोटांचा गठ्ठा आला तर दहा मिलिसेकंद जातात, मान्य. पण क्लॉकचा बाइट दुसऱ्या संदेशाच्या मधेसुद्धा घुसवायला मिडीत परवानगी आहे, त्याला रांगेत थांबायची गरज नाही. मला वाटतं स्क्रीन रंगवायचं काम आणि क्लॉक पाठवायचं काम एकाच लूपमध्ये पडलंय, क्लॉक टायमर इंटरप्टवर, म्हणजे ठरल्या क्षणी बाकीचं काम थांबवून चालणाऱ्या कामात, नाही. तू दिवसभर हेच करतोस, तुझं मत मला हवंय.

बदल करू नका असं मी म्हणत नाही. पण उद्यमनगरात आमच्या शॉपमध्ये सीएनसीच्या पॅनेलवरचं एक बटण रात्रीत दुसरीकडं नेलं, तर सकाळी ऑपरेटरचा हात जुन्याच जागी जाणार. वाजवणाऱ्याचंही तेच आहे, आणि स्टेजवर बघून दाबायला वेळ नसतो. मिडीकडं बघ. जानेवारी 1983 मध्ये सिक्वेन्शियलचा प्रॉफेट 600 आणि रोलंडचा ज्युपिटर 6, दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड, पहिल्यांदा एका वायरीनं जोडून दाखवले. आजचा आपला सीक्वेन्सर त्या कीबोर्डला पाच पिनांच्या वायरीनं वाजवू शकतो. 2020 मध्ये मिडी 2.0 आलं, तेव्हाही जुन्याला वाऱ्यावर सोडलं नाही. एवढ्या कंपन्या मिळून हे पाळू शकतात, तर एका कंपनीला आपल्याच मशीनच्या एका बटणाचं पाळता यायला हवं. न्यूझीलंडच्या सिंथस्ट्रॉम कंपनीनं तर 2023 मध्ये आपल्या डेल्यूज या सीक्वेन्सरचं फर्मवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं, आता वापरणारेच त्यात भर घालतात. आपल्यालाही तसं मिळालं तर तू आणि मी मिळून रूपक दुरुस्त करू.

आता तुझं काम. कंपनीनं मला बीटा, म्हणजे चाचणीसाठीचं व्हर्जन, पाठवलंय. त्यात पॅटर्न कधी बदलायचा याला पर्याय दिलाय: 16 स्टेपनंतर, की पॅटर्न संपल्यावर. मला आनंद झालाय. मात्र मशीन चालू केल्यावर नवाच पर्याय निवडलेला असतो, तो जुना असावा असं मी परत कळवलंय. तुझं मशीन अजून जुन्या व्हर्जनवर आहे, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील. आधी एसडी कार्डाची पूर्ण कॉपी लॅपटॉपवर घे, कारण नव्यात सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही. तिकडं पुण्यातही वळीव सुरू असेल, तेव्हा यूपीएसवर लावल्याशिवाय फ्लॅश करू नकोस, म्हणजे मशीनवर चढवू नकोस. लाइट गेलीच तर घाबरू नकोस, बूटलोडर (फर्मवेअर चढवणारा छोटा प्रोग्राम) वेगळ्या जागी आहे, चालू करताना शिफ्ट दाबून ठेवलं की परत सुरुवात करता येते.

मग रूपक 28 मध्ये भर, सहाव्या मात्रेवर बटण दाब आणि बदल कुठं होतो ते लिही. झपतालावर तेच कर. क्लॉकचं रेकॉर्डिंग जुन्यात एक, बीटात एक घे. निकाल चांगला आला तरी नुसतं "ओके" पाठवू नकोस, कुठल्या लयीत बघितलंस आणि मशीनला काय जोडलं होतं तेही कळव, म्हणजे मला ते तसंच पुढं पाठवता येईल. गणपतीच्या सुपाऱ्या यायला लागल्यात, त्याआधी हे मिटायला हवं.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
दिप्या