आणखी एक वर्ष

तीर्थरूप आप्पा आणि प्रिय आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज ऐकला की माझी जीभ उचलत नाही, म्हणून लिहितेय. मी दिल्लीत आणखी एक वर्ष थांबतेय. सरांना होकार देऊन टाकलाय. रागावू नका, आधी ऐका.

भाव बदलले की घरोघरी ताटात काय बदलतं, हेच माझं काम. १९८० साली डीटन आणि म्युलबाउअर या अर्थतज्ज्ञांनी त्याची रीत मांडली. घरखर्चाच्या सर्वेक्षणातून कळतं, की कांदा उतरला तर लोक किती जास्त घेतात, डाळ-बटाट्याचं काय होतं, आणि सरकारी निर्णयाने त्या घराचं किती रुपयांनी भलं झालं. ८ डिसेंबर २०२३ ची कांद्याची निर्यातबंदी मी त्यात बसवली. खाणाऱ्यांचा फायदा निघाला. गणित चुकलं नव्हतं आप्पा, तरी त्या रात्री डोळा लागला नाही.

त्या हिवाळ्यात तुम्ही आपल्या कांद्याच्या विक्रीची हिशोबपट्टी घडी घालून देव्हाऱ्यातल्या डबीखाली सरकवलीत आणि आईला म्हणालात, "पोरीला कळू देऊ नको." मी दारातच होते.

किलोमागे १० रुपये उतरले, तर महिन्याला ५ किलो कांदा लागणाऱ्या घराचे ५० रुपये वाचतात. १०० क्विंटल विकणाऱ्याचे लाख जातात. स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट कांदा खात नाही, आणि लाल कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. थांबायचं तरी कुठवर? हातावर पोट असलेल्या घरात ५० रुपयेही मोठेच, ते मी विसरणार नाही. पण माझ्या प्रबंधात विकणारा कुठेच नव्हता. त्याला आणायलाच हे वर्ष हवंय.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, फेलोशिप पुरते, आईने दिलेल्या तव्यावर भाकरी करते. थंडी पडली की ट्रॉली आठवते. कांद्यावर गोणपाट टाकून मला निजवायचात, वर आईचं लुगडं.

आप्पा, साखर या आठवड्यातच तपासा, चहा बिनसाखरेचा. आई, गुडघा दुखत असताना निवडायला बसू नकोस, बाई लाव. पैसे मी पाठवते. दिवाळीला आठ दिवस येतेच.

आणि ती पट्टी फाडू नका. जुन्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून ठेवा, मला लागणार आहेत.

तुमची,
ताई