एकच मेल-खाते दोन संगणकांवर सुरळीत करून देणाऱ्या ताईंस

सांगली

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

आमच्या कर सल्लागार कार्यालयातील ई-मेलचा घोळ आपण मिटवलात, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. समक्ष आभार मानून झालेच आहेत. तरीही हे उघडपणे लिहीत आहे, कारण एकच मेल-पत्ता दोन टेबलांवर वापरणारी आमच्यासारखी कार्यालये गावोगाव आहेत आणि आपण जे शोधून काढलेत ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

बाहेरच्या टेबलावर आमच्या सहायक बसतात, आत केबिनमध्ये मी. दोन्ही संगणकांवर आउटलुक, खाते मात्र एकच. हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, लहान कारखानदार आपली बिले आणि बँकेची उतारापत्रके याच पत्त्यावर पाठवतात, आणि जीएसटीच्या नोटिशीची पहिली खबरही बहुधा येथेच येते. त्यांतले काही मेल बाहेरच्या संगणकावर दिसत, काही येतच नसत. विवरणपत्रातील तफावतीबद्दलच्या एएसएमटी-१० नोटिशीला उत्तर देण्यासाठी जास्तीत जास्त ३० दिवसांची मुदत मिळते. अशा वेळी ‘मेल पाठवून दोन दिवस झाले’ असे अशील फोनवर सांगत असताना सहायकांनी रिकाम्या इनबॉक्सकडे पाहत बसणे परवडणारे नव्हते. भरीस भर म्हणजे एकाने पाठवलेले उत्तर दुसऱ्याला दिसत नसे, त्यामुळे एकाच अशिलाला एकाच शंकेची दोन उत्तरे गेली, आणि तीही एकमेकांशी न जुळणारी.

आपण येण्यापूर्वी सल्ले पुष्कळ मिळाले होते. कोणी इंटरनेटला दोष दिला, कोणी व्हायरसला. आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे ज्यात सारे मेल साठतात ती फाइल, एका संगणकाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून ती दोन्हीकडून उघडावी, असेही एका जाणत्या गृहस्थांनी सुचवले होते. त्यावर आपण स्पष्ट ‘नाही’ म्हणालात: ती फाइल नेटवर्कवरून वापरण्यासाठी बनलेलीच नाही, तशी वापरली तर ती बिघडते आणि मग वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार एकदमच जातो. या नकाराचे मोल आम्हाला नंतर उमगले.

सर्वांत मनात राहिली ती आपली शोध घेण्याची रीत. कोणत्याही सेटिंगला हात लावण्याआधी आपण आतला संगणक बंद करायला सांगितलात आणि स्वतःच्या फोनवरून ‘चाचणी – आधी बाहेर’ या विषयाचा मेल पाठवलात. तो बाहेर उतरला. मग आतला संगणक सुरू केला, तर तेथेही आला. नंतर ‘चाचणी – आधी आत’ पाठवून क्रम उलटा केलात. या वेळी मेल आत आला आणि बाहेर कितीही वेळ वाट पाहिली तरी आला नाही. म्हणजे हरवले असे आम्ही समजत होतो ते मेल कुठेच गेलेले नव्हते. जो संगणक आधी विचारेल त्यावर सारे ठरत होते.

कारण दोन्ही जोडण्या पॉप पद्धतीच्या होत्या, म्हणजे सर्व्हरवरून (मेल-सेवेच्या मध्यवर्ती संगणकावरून) मेल आपल्या संगणकावर उतरवून घेणाऱ्या. बाहेरच्या संगणकावर सर्व्हरवर १४ दिवस प्रत ठेवण्याची खूण केलेली होती, आतल्यावर ती नव्हती; त्यामुळे आतला संगणक मेल उतरवून घेताच सर्व्हरवरची प्रत पुसून टाकत असे. मी सकाळी लवकर आलो की सहायकांचे मेल गायब, आणि मी कोर्टकचेरीत असलो की सारे सुरळीत! पॉपची आजची आवृत्ती १९९६ मध्ये प्रमाणित झाली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वांसाठी इंटरनेट खुले केले, त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. फोन लावायचा, मेल उतरवायचे आणि लाइन तोडायची, अशा एका संगणकाच्या वापराला ती पद्धत चोख होती. मेल सर्व्हरवरच ठेवणारी आयमॅप पद्धत मी नवी समजत होतो. ती मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला तयार केली, हे ऐकून मी थक्क झालो.

बदल करतानाही आपण घाई केली नाहीत. आधी दोन्ही संगणकांवरच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलीत, सर्व्हरवर जागा किती शिल्लक आहे ते पाहिलेत, आणि मगच जुने मेल वर चढवलेत. त्यातही आतला इनबॉक्स जवळजवळ पूर्ण असल्याने आलेले मेल तेथूनच घेतलेत, पाठवलेले मात्र दोन्हीकडचे. त्यामुळे दुबार प्रतींचा ढीग झाला नाही. त्यानंतर दोन्हीकडे आयमॅप जोडले: येणाऱ्या मेलसाठी पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ९९३, जाणाऱ्यासाठी ५८७.

आयमॅपमध्ये एकाने खोडलेला मेल दोघांकडून जातो आणि एकाने उघडलेला मेल दुसऱ्यालाही वाचलेला दिसतो, हे आपण वारंवार बजावलेत. म्हणून मेल उघडला पण उत्तर दिले नाही, तर तो पुन्हा ‘न वाचलेला’ करून ठेवायचा, असे आपण सहायकांना सांगितलेत. हा नियम त्या माझ्यापेक्षा काटेकोरपणे पाळतात. सर्व्हर म्हणजे राखीव प्रत नव्हे, हेही आपलेच सांगणे, त्यानुसार दर महिन्याला एक प्रत हार्ड डिस्कवर उतरवून घेतली जाते.

आपले बिल मिळाले. त्यात जुने मेल चढवण्यासाठी आपण शनिवारी उशिरापर्यंत थांबलात ते तास धरलेले दिसत नाहीत. ते धरून सुधारित बिल पाठवावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक कर सल्लागार