जुन्या रीलोडिंग प्रेसचं तेलपाणी : मित्रास पत्र

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू अमेरिकेहून पाठवलेले रीलोडिंग प्रेसचे, म्हणजे झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या यंत्राचे, फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून नीट पाहिले. शेजारच्या आजींनी त्यांच्या यजमानांच्या मागे ती प्रेस तुझ्या हवाली केली, हे वाचून फार बरं वाटलं. भंगारवाल्याने ती नुसत्या बिडाच्या वजनावर उचलली असती. बंद चौकटीची, हिरव्या रंगाची आरसीबीएस रॉक चकर आहे ती. कंपनी १९४३ पासूनची, कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात सुरू झालेली, आणि तिच्या या प्रेस दोन पिढ्या वापरून तिसरीच्या हातात जातात. तू लिहितोस, की रॅम, म्हणजे पुंगळी वर ढकलणारा पोलादी दांडा, अर्ध्यावर येऊन जड होतो, कडेला तपकिरी चिकट थर बसलाय, तर कोणतं तेल सोडू? आत्ता कोणतंच सोडू नकोस. का, ते मेसेजमध्ये मावेना, म्हणून पत्र लिहायला बसलो.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं १९५९ च्या शस्त्र कायद्यात बसत नाही, त्यामुळे असली प्रेस पुण्यात कुणाच्या घरी दिसायची नाही. पण रॅम, टॉगल (हँडलचा जोर रॅमला देणाऱ्या जोडपट्ट्या), पिना आणि बुश (झिजलेल्या भोकात बसवायची नळी) यांच्यातच माझी सगळी नोकरी गेली. बंदुकीची दारू किती आणि गोळी कुठली यासाठी तुझ्याकडे छापील लोडिंग मॅन्युअल असेल, त्यातलं अक्षरही बदलायचं नाही. मी बोलतोय ते फक्त यंत्राबद्दल.

आधी तो थर कशाचा आहे ते समजून घे. रिकामी पुंगळी रॅमच्या टोकावरच्या शेल होल्डरमध्ये बसते, हँडल खाली ओढलं की रॅम तिला वर डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबतो आणि डायमधली बारीक पिन बुडातला जळलेला प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, खाली पाडते. प्राइमरबरोबर त्याची राखही पडते. प्राइमरच्या मिश्रणात सहसा लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असतं. ते जळून उरते ती राख चुलीतल्यासारखी मऊ नसते, कणीदार असते. ती रॅमवर बसते. पुंगळ्यांना लावलेलं वंगण ओघळून तिच्यात मिसळतं, पितळेचा भुगाही त्यात येतो. म्हणजे टूलरूममध्ये आपण डबीतून काढायचो ती धातू घासायची लॅपिंग पेस्ट तिथे आपोआप तयार झालेली आहे, आणि वर्षानुवर्षं पडून वाळली आहे. आता वरून पातळ तेल सोडलंस तर पेस्ट पुन्हा ओली होईल, रॅम झटकन मोकळा झाल्यासारखा वाटेल, आणि प्रत्येक फेरीला ती बिडाच्या भोकात ओढली जाऊन भोक खात राहील. पोलाद आणि बीड यांची जोडी मुळात फार समजूतदार आहे. बिडात ग्रॅफाइटच्या पापड्या असतात, त्यामुळे ते स्वतःही थोडं वंगण पुरवतं. तेल कमी पडलं म्हणून ही जोडी लगेच बिघडत नाही, तिला बिघडवतो तो कीट.

त्या राखेत शिसं आहे हे एक क्षणही विसरू नकोस. तुझी नात गॅरेजमध्ये खेळते असं वहिनी म्हणाल्या होत्या. लहान मुलांच्या रक्तात शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही. काम होईपर्यंत तिला आत येऊ देऊ नकोस. हातात नायट्राइलचे मोजे घाल. कोरडा ब्रश मारायचा नाही, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारायची नाही. धूळ उडाली की ती नाकात जाते आणि बाकीची घरभर बसते. सगळं ओल्या फडक्याने पुसायचं. कामाचे कपडे वेगळे धुवायचे, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही हात लावायचा नाही. वापरलेली फडकी झाकणाच्या डब्यात भरून तुमच्याकडच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर दे.

त्याहून आधीचं काम म्हणजे टेबल रिकामं करणं. दारूचा डबा, प्राइमरची खोकी, भरलेली काडतुसं, सगळं दुसऱ्या खोलीत कुलपात. प्रेसच्या खालची फळी आणि बाजूचे कोपरे टॉर्च लावून बघ, जुन्या माणसाच्या बाकावर एखादा जिवंत प्राइमर फटीत पडलेला असतोच. तुझ्या वडिलांची उभी नोकरी खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत गेली. १८६९ पासून चालू असलेल्या त्या कारखान्याच्या गेटवर काडेपेटी काढून ठेवायची शिस्त ते घरी आल्यावरही पाळायचे, आठवतंय? तीच शिस्त तुझ्या गॅरेजला लाव. अमेरिकेत गॅसचा गीझर बऱ्याचदा गॅरेजमध्येच असतो आणि त्यात लहान ज्योत सतत पेटती असते. सॉल्व्हंटचा डबा उघडण्याआधी ती बंद कर आणि गॅरेजचा दरवाजा पूर्ण वर घे. पेट्रोलने धुवायचा विचारही नको. तुमच्याकडे मिनरल स्पिरिट मिळतं ते चालेल, किंवा केरोसीन. आपण पार्ट रेशनच्या निळ्या रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचो, काम तेच.

आता खोलायला घे. सुरू करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढ. टॉगलच्या दोन्ही पट्ट्यांवर डावी-उजवी, आतली-बाहेरची अशी मार्करने खूण कर. इतकी वर्षं त्या ज्या बाजूने झिजल्या त्याच बाजूने परत बसल्या पाहिजेत, बदलल्या तर रॅम तिरका ओढला जाईल. पिनांच्या टोकाला सर्क्लिप, म्हणजे पिन अडवणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या, असतील. त्या काढताना चष्मा घाल आणि वर फडकं धर, कारण उडालेली सर्क्लिप शोधण्यात दिवस जातो. पिन निघत नसेल तर पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर ठेव आणि सकाळी पितळेच्या दांडक्याने हलके ठोक. पोलादी हातोडी थेट पिनेवर मारलीस तर टोक फुलतं आणि मग ती भोकातून कधीच सरळ येत नाही.

रॅम बाहेर आला की तो मिनरल स्पिरिटने ओल्या केलेल्या फडक्याने पूस, आणि फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत पुसत राहा. प्राइमरच्या खाचेत लाकडी काडी घाल, जुन्या टूथब्रशने कोपरे काढ, तोही ओलाच. चौकटीच्या भोकातून लाकडी दांड्याला कापड गुंडाळून आरपार फिरव. जिथे वार्निशसारखा पिवळा थर आहे तिथे स्पिरिटचं फडकं थोडा वेळ लावून ठेवलं की तो सुटतो. खरवडायला स्क्रू ड्रायव्हर घेऊ नकोस.

आणि हे मी हात जोडून सांगतो, रॅमला एमरी पेपर लावायचा नाही. तुला तो आरशासारखा चमकवायचा मोह होईल. पण रॅम आणि भोक यांच्यातली मूळ फट हीच या यंत्राची खरी किंमत आहे, आणि एमरीने काढलेला माल परत भरता येत नाही. गंजाचे ठिपके असतील तर शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची, म्हणजे अगदी बारीक, पोलादी लोकर तेलात भिजवून बोटाच्या दाबाने फिरव. वरचा लाल गंज गेला की थांब. खाली काळा डाग राहिला तर राहू दे, तो कुणाचं वाकडं करत नाही. जुना हिरवा रंगही घासू नकोस. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातलं शिसं १९७८ साली बंद झालं, आणि तुझी प्रेस त्याआधीची असू शकते.

आता पिना. फोटो बघताना माझी नजर सारखी तिथेच जात होती. टॉगलचं गणित असं, की पट्ट्या सरळ रेषेत यायला लागल्या की हाताचा थोडासा जोर कित्येक पटींनी वाढतो, म्हणून तर एवढ्याशा हँडलने पोलादी डायमध्ये पितळ दाबलं जातं. पण तो सगळा जोर पिनेच्या एकाच बाजूवर येतो. पिन हातात घेऊन नखाने चाचप. एका बाजूला पायरी लागली तर ती झिजली. मायक्रोमीटर लावून दोन दिशांनी माप घे, फरक दिसेलच. झीज कमी असेल तर पिन अर्धा फेरा फिरवून घाल, न वापरलेली बाजू कामाला येईल. पट्टीचं भोक लांबट झालं असेल तर मात्र तिथे बुश बसवायला लागेल. ते घाईने करायचं काम नाही.

चौकटीच्या पायाजवळ, बोल्टच्या भोकांभोवती टॉर्च तिरका धरून तडा आहे का बघ. बीड दाब कितीही सोसतं, ताण सोसत नाही. तुझं टेबल लाकडी आहे. लाकूड पावसाळी हवेत वाकतं, आणि वाकड्या फळीवर बोल्ट गच्च आवळला की पायाचा कान तुटतो. परत बसवताना खाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालून आधी चारी बाजू टेकवून घे, मग बोल्ट आळीपाळीने आवळ.

सगळं कोरडं आणि स्वच्छ झालं, की आता तेलाचा विचार. रॅमला पातळ तेल, साधं मशीन ऑइल किंवा इंजिन ऑइल चालेल. बोटाला चार थेंब घेऊन चोळ आणि स्वच्छ कापडाने बरंचसं पुसून टाक. धातूवर फक्त तकाकी दिसली पाहिजे, ओघळ नको. रॅमला ग्रीस नको, ग्रीसला राख चिकटते आणि पेस्टचं काम पुन्हा सुरू. पिनांना मात्र लिथियमचं दोन नंबरचं ग्रीस बारीक थर देऊन लाव. तिथे जोर मोठा, हालचाल थोडी, आणि पातळ तेल दाबाखाली बाहेर निघून जातं. डब्ल्यूडी-४० तुझ्या कपाटात असणारच. ते पाणी हटवायला आणि जाम सोडवायला उत्तम, पण वंगण म्हणून टिकत नाही. त्याने सोडव, पुसून टाक, मग खरं तेल लाव.

प्राइमर बसवायचा जो छोटा हात आहे, त्याच्या वाटीला तेलाचा स्पर्शही होता कामा नये. तेल प्राइमरच्या आत झिरपलं तर तो मरतो आणि ऐन वेळी काडतूस उडत नाही. हाताच्या खिळीला सुईच्या टोकाने थेंब दे, वाटी आणि शेल होल्डर कोरडे ठेव. चौकटीच्या डोक्यातले डायचे आटे, सात अष्टमांश इंच व्यासाला इंचाला १४, नायलॉनच्या ब्रशने साफ कर. आटे पाडायचा टॅप फिरवू नकोस, आटे सैल होतात.

जोडून झाल्यावर डाय न लावता रॅम सावकाश वर-खाली कर. काठावर काळी रेघ येईल, ती पूस, थेंब दे, पुन्हा फिरव. रेघ यायची बंद झाली की आतला उरलासुरला कीट निघाला असं समज. मग रॅम पूर्ण वर नेऊन हाताने आडवा हलवून बघ. खाली असताना थोडा डुलला तरी चालतो, वर डायपाशी डुलता कामा नये. यापुढे दर बैठकीनंतर रॅम पुसायचा, एवढं केलंस तर पुन्हा खोलायची वेळ लवकर येणार नाही.

परवा इथे एका ओळखीच्या मुलाने विचारलं, की आपले बालेवाडीचे नेमबाज पुंगळ्या पुन्हा भरतात का. स्वप्नील कुसळेने पॅरिसला २०२४ मध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, त्या रायफलीचं काडतूस पॉइंट टू टूचं, रिमफायर. त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो आणि बंदुकीच्या पिनेने ती कड चेपली जाते, त्यामुळे ते असल्या प्रेसवर पुन्हा भरताच येत नाही. एनसीसीत आपण झाडलेली काडतुसंही तीच. म्हणजे ज्या खेळाने तुला हे वेड लावलं, त्याच्या पुंगळ्या तुझ्या या प्रेसवर कधीच चढणार नाहीत. मला हे सांगताना मजा वाटली.

खंडेनवमी जवळ आली आहे. माझ्या खोलीतला छोटा लेथ आणि व्हाइस पुसून ठेवलाय, झेंडू मंडईतून आणायचा आहे. तुझी प्रेस तोवर जोडून झाली तर तिलाही हळदकुंकू वाहा, फूल मिळेल ते घाल.

पिना काढल्यास की दोन्ही दिशांची मापं आणि पट्टीच्या भोकाचा व्यास लिहून पाठव, इंचातच पाठव. भोसरीला माझ्या ओळखीचा टर्नर आहे, बुश लागलाच तर तो फॉस्फर ब्राँझमध्ये काढून देईल, आणि डिसेंबरात तुझा मुलगा येतोय त्याच्या हाती देतो.

वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुझाच,
जुना दोस्त