उत्तरे जुळत नाहीत म्हणून

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेहून परतताना तुम्ही चौघांनी उत्तरे पडताळून पाहिलीत आणि वाचनाच्या बऱ्याच प्रश्नांत तू एकटा पडलास, एवढे तुझ्या बोलण्यातून कळले. फोनवर तू ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतास, म्हणून लिहिते आहे.

मुळात तुम्हा चौघांपुढे तेच प्रश्न आले होते, असे धरून चालता येत नाही. वाचन-लेखनाचे प्रत्येकी 27 प्रश्नांचे दोन भाग असतात आणि दुसरा भाग सोपा द्यायचा की कठीण, हे पहिल्या भागातील कामगिरीवरून संगणक ठरवतो. शिवाय प्रत्येक भागातले दोन प्रश्न केवळ चाचपणीसाठी घातलेले असतात. त्यांचे गुण धरले जात नाहीत आणि ते कोणते, हे परीक्षार्थ्याला कळत नाही. ज्या प्रश्नावरून तुम्ही बसमध्ये हमरीतुमरीवर आलात, तो कदाचित त्यांपैकीच असेल. (खऱ्या प्रश्नांची अशी चर्चा करायला परीक्षेच्या नियमांत मनाई आहे, त्याबद्दल घरी आलास की बोलू.)

राहिला बहुमताचा मुद्दा. गणितात तिघांचे उत्तर सारखे आले तर त्याला काही वजन असते. उताऱ्यावरच्या प्रश्नात मात्र चुकीचा पर्याय घाईने वाचणाऱ्या पुष्कळांना पटावा अशाच बेताने रचलेला असतो. मागे आपण सोडवलेला पक्ष्यांचा उतारा आठव. एका जातीच्या पक्ष्यांना तारांगणात ठेवून, ते कृत्रिम ताऱ्यांवरून दिशा ओळखतात का हे पाहिले होते, आणि उतारा तेवढ्यावरच थांबला होता. ‘स्थलांतर करणारे पक्षी ताऱ्यांवरून दिशा ओळखतात’ या पर्यायातला प्रत्येक शब्द उताऱ्यातला होता, वाक्यही भारदस्त होते, पण एका जातीवरून साऱ्या पक्ष्यांवर उडी मारलेली होती. तो पर्याय मलाही क्षणभर बरोबर वाटला होता.

पहिले उत्तर बदलले नसते तर बरे झाले असते, असेही तू दोनदा म्हणालास. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतील खाडाखोड तपासली, तेव्हा चुकीचे उत्तर बदलून बरोबर झाल्याची उदाहरणे, बरोबरचे चुकीचे झाल्याच्या उदाहरणांच्या सुमारे दुप्पट निघाली. बदलून हातचा गेलेला गुण जन्मभर सलतो आणि मिळालेला कोणी लक्षात ठेवत नाही, म्हणून हा समज टिकून आहे.

चौघांना एकत्र बसायचेच असेल, तर ज्यावर ही परीक्षा होते त्या ब्लूबुक ॲपवरील एकच सराव चाचणी घ्या आणि तिचा फक्त पहिला भाग पडताळा, कारण दुसरा प्रत्येकाला वेगळा येऊ शकतो. पर्यायाचे अक्षर सांगून कोणी मोकळे होऊ नये. उताऱ्यातल्या कोणत्या ओळीच्या आधारे तो निवडला आणि उरलेले तीन का सोडले, हे ज्याने त्याने आधी कागदावर लिहावे. तसे केल्यावर मतभेद राहिला, तर तो नेमका कोणत्या ओळीपाशी आहे हे निदान दिसेल.

निकाल लागला की आधी बाबांना कळव. ते तुझ्याहून अधिक अस्वस्थ आहेत, पण तसे कबूल करणार नाहीत.

तुझी,
आई