बाबा, उतारावर न्यूट्रल नको

एडिसन, न्यू जर्सी
14 डिसेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "हायब्रिड गाडी घ्यायची म्हणतोय, पण बॅटरी गेली की दोन लाखांचा खड्डा, सगळे हेच सांगतायत." माझी तव्यावर पोळी होती, म्हणून "कळवते" एवढंच बोलले. आणि बाबा, फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहूनच पाठवतेय. 2013 पासून ही एकच हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, चालवतेय. 1 लाख 61 हजार मैल झाले, तुमच्या हिशोबात जवळजवळ 2 लाख 60 हजार किलोमीटर.

आधी बॅटरीचंच. ती गेली होती. तुम्हाला मुद्दामच सांगितलं नव्हतं, आईने नवस बोलला असता.

दहाव्या वर्षी पडद्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्या विचित्र वागायला लागल्या. चढावर भराभर उतरायच्या आणि पाच मिनिटांत पुन्हा काठोकाठ. मग एक दिवस धोक्याचा लाल त्रिकोण लागला. माझ्या गाडीत निकेलच्या जुन्या पद्धतीची बॅटरी आहे, 28 तुकडे एकापुढे एक जोडलेले. दिवाळीच्या जुन्या माळेसारखं, एक बल्ब गेला की सगळी माळ रुसते. पहिल्या गॅरेजवाल्याने एकच तुकडा बदलून 500 डॉलर घेतले. चार महिन्यांत शेजारचा गेला. दाढ काढल्यावर शेजारची हलायला लागते ना, तसं. शेवटी अख्खी नवी बसवली, मजुरीसकट 2,300 डॉलर.

आता खड्डा मोजा. तोवर 1 लाख 35 हजार मैल झाले होते. गॅलनला सरासरी 48 मैल मिळाले, आधीची गाडी 28 द्यायची. म्हणजे 2,000 गॅलन वाचले. 3 डॉलरने धरले तरी 6,000. बॅटरीचे वजा करूनही हातात उरले.

पण हा हिशोब माझा, तुमचा नाही. मी रोज इथल्या पार्कवे हायवेवर रांगेत रखडते, आणि हायब्रिड कमावते ती रखडण्यातच. ब्रेक दाबला की वाया जाणारा जोर बॅटरीत जातो, मुंगीच्या गतीने सरकताना इंजिन बंदच असतं. तुम्ही महिन्याला चारशे किलोमीटर चालवणार. वर्षाला फार तर सव्वाशे लिटर वाचेल, 105 रुपयांनी तेरा हजार. हायब्रिडसाठी जादा मोजलेले लाख त्यातून या जन्मी निघायचे नाहीत. पेट्रोलसाठी घेणार असाल तर घेऊ नका.

डाव्या गुडघ्यासाठी घ्या. क्लच नाही, गिअर नाहीत, खंबाटकीच्या रांगेत पाय नुसता ठेवून बसायचं. आता ऑटोमॅटिक साध्या पेट्रोलच्याही मिळतात, त्याही चालवून बघा. पण रांगेतली ती शांतता तुम्हाला त्यात मिळणार नाही.

मात्र शोरूममध्ये "स्ट्राँग हायब्रिड" असंच विचारा. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर, दोन्हींत हायब्रिडचे दोन-दोन प्रकार आहेत, माइल्ड आणि स्ट्राँग. माइल्ड हायब्रिडमध्ये मोटर इंजिनाला नुसता हात लावते, एकटी गाडी ओढत नाही. शिवाय तीत क्लचवाली गाडीही मिळते. म्हणजे गुडघा तिथेच. स्ट्राँगच्या कागदावर लिटरला 27.97 लिहिलेलं असेल, ते सरकारमान्य चाचणीतलं. यवतेश्वरचा घाट काही त्या चाचणीत नाही. त्यांची बॅटरी लिथियमची, माझ्यापेक्षा नव्या पद्धतीची, आणि तिला आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. बाबा, तुमच्या चालवण्याने वॉरंटीची वर्षं आधी संपतील, किलोमीटर नाहीत.

आता सवयींचं. आपली जुनी पद्मिनी गाडी पसरणी घाटात न्यूट्रलला टाकून तुम्ही वाईपर्यंत आणायचात आणि खाली आल्यावर "थेंबभर पेट्रोल नाही!" म्हणून आमच्याकडे बघायचात. या गाडीत ते करायचं नाही. न्यूट्रलमध्ये बॅटरी भरतच नाही, उतारावरचं फुकटचं सगळं वाया जातं. लिव्हर नेहमीच्या डी वर ठेवायचा, उतार लांब असेल तर बी वर, म्हणजे इंजिनही गाडीला आवरतं. 2017 मध्ये इथल्या पोकोनो डोंगराच्या उतारावर तुम्ही "एक्सलेटर चिकटला, गाडी बाजूला घे!" म्हणून ओरडलात, आठवतंय? बॅटरी भरली होती. मग गाडीला आवरायला इंजिन पेट्रोलशिवाय नुसतं फिरत होतं, त्याचा तो आवाज.

दुसरं, मोठी बॅटरी सोडून एक छोटी 12 व्होल्टची असते, साध्या गाडीसारखी. माझा खरा छळ तिनेच केला. सहा आठवडे साताऱ्याला राहून परतले तर गाडी मेलेली. पोटात दोनशे व्होल्ट, पण त्याचा दरवाजा उघडायला लागतात ते 12 व्होल्ट नाहीत! तुम्ही इकडे याल तेव्हा समोरच्या काकांना सांगा, पंधरा दिवसांनी अर्धा तास गाडी "रेडी"वर ठेवायची, उघड्या जागेत. इंजिन आपलं आपण लागेल, आपलं आपण बंद होईल. नुसते दिवे लावून रेडिओ ऐकत बसले तर उलट उतरेल.

पहिलेच ब्रेक पॅड 90 हजार मैल टिकले. पण ते फारसे वापरलेच जात नाहीत, म्हणून डिस्क गंजतात. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून जास्त. तिकडे पावसाळ्यानंतर एकदा दाखवून घ्या.

आई, हे तुझ्यासाठी. माझ्या गाडीत मागच्या सीटच्या कडेला डब्याच्या झाकणाएवढी जाळी आहे. बॅटरीला गार ठेवणारा पंखा तिथूनच हवा ओढतो. तू आली होतीस तेव्हा महिनाभर तुझी लोकरीची पिशवी बरोब्बर त्या जाळीला टेकवून ठेवायचीस. मागच्या वर्षी जाळी उघडली तर आत राखाडी लोकरीचा हा एवढा बोळा, त्यात तुझ्या त्या जांभळ्या शालीचे धागे! फेकवला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलाय. बॅटरी तुझ्यामुळे गेली असं म्हणत नाही, पण बाबांना म्हणू देऊ नकोस.

तर गाडी बघायला जाल तेव्हा ही जाळी कुठे आहे ते आधी विचारा. आणि बाबा, चाचणीला खंबाटकी नको, संध्याकाळी सहाला राजवाड्यावरून पोवई नाक्यापर्यंत आणा. रविवारी फोन करते, तोवर सही करू नका.

तुमची,
मनू