कडीपाटाला रंग नको, आधी गळणारा पाइप बघा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कमिटी मेंबर्स
विषय: मागच्या जिन्याजवळची कुजलेली तुळई

नमस्कार काका,

ग्रुपवर मेसेज वाचला की कडीपाटाला (तुळया आणि फळ्यांच्या लाकडी छताला) वाळवी लागलीय म्हणून पेस्ट कंट्रोल करून घ्यायचं, वर ऑइल पेंट मारायचा आणि खालून पीओपीचं फॉल्स सीलिंग. प्लीज हे काम थांबवा, कारण तिथे वाळवी नाहीच्चे. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या, भुंगा असता तर बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी पडली असती. आपल्याकडे तुळई भिंतीत शिरते तिथे लाकूड तपकिरी पडलंय, उभ्या-आडव्या भेगा जाऊन चौकोनी तुकडे सुटतायत आणि बोटांनी दाबलं की चुरा होतो. ही बुरशीची कूज आहे. मी दाभण टोचून बघितलं, भिंतीपाशी ते मुठीपर्यंत आत गेलं आणि हातभर पुढे त्याच तुळईत टोकही रुतत नव्हतं. म्हणजे गाभ्याचं सागवान अजून ठणठणीत आहे, खराब झालंय ते फक्त टोक!

मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की लाकूड जुनं झालं, कुजणारच. पण वयाने लाकूड कुजत नाही हो, पुण्यातला विश्रामबागवाडा १८०७ चा आहे, तरी उभा आहे. लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल राहिली तरच ही बुरशी वाढते, आणि आपल्याकडे ओल कुठून येते ते उघड आहे, बाथरूमचा बाहेरचा पाइप बरोबर त्याच भिंतीवर सांध्यातून गळतोय. त्यात त्या भिंतीचा जुना चुना काढून सिमेंटचं प्लास्टर केलंय, चुन्यातून ओल बाहेर पडायची ती आता आत कोंडते आणि तुळईचं कापलेलं तोंड ती शोषून घेतं. वरून ऑइल पेंट मारला तर लाकूड वाळणार कसं? आणि फॉल्स सीलिंग केलं की वारा बंद, शिवाय पुढे काय होतंय ते कुणाला दिसणारही नाही, मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते.

म्हणून आधी पाइप बदला. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून टेकू लावून घ्या, टेकूशिवाय कुणालाही तुळईला हात लावू देऊ नका, आणि वरच्या गॅलरीतला पाण्याचा ड्रम आजच हलवायला सांगा. सिमेंट खरवडून परत चुन्याचं प्लास्टर करायचं, भिंतीतली खोबण मोकळी करून लाकूड वाळू द्यायचं. कुजलेला भाग थोड्या चांगल्या लाकडासकट कापून तिथे जुन्या सागवानाचा तुकडा सांधायचा, बाजूने लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळायच्या. वाडे पाडताना निघालेलं सागवान मिळतं, ते पूर्ण वाळलेलं असतं. नवीन तोंड भिंतीला चिकटवू नका, हवेला फट ठेवा. उरलेल्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी द्यायचं, ते ओलसर लाकडात खोलवर मुरतं, पण गळती चालू राहिली तर तेच पाण्याबरोबर धुऊन जातं, म्हणून पाइप पहिला म्हणतेय.

संपूर्ण तुळई बदलायचं कोटेशन आलंय ते सही करू नका, त्याची गरज आहे की नाही हे इंजिनिअरला ठरवू दे. त्याची फी सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्तीच्या राखीव पैशांतून) द्यायला माझी हरकत नाही, वार्षिक सभेत मी तसं लेखी देईन. हे सगळं जूनच्या आत व्हायला हवं, एकदा पाऊस लागला की लाकूड वाळणार नाही. रविवारी सकाळी मी घरीच आहे, कमिटीतलं कुणी आलं तर जागेवर दाखवते.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची रहिवासी